बहिणीच्या शेताचं कुंपण

कुंपण पाहिलं आणि वुलामोएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नदीकाठचं मक्याचं शेत, त्याच्या थोरल्या बहिणीचं, आजीच्याही आधीपासून चालत आलेलं, इलायसने ओंडके ठोकून कोंडलं होतं. आत त्याची डुकरं लोळत होती.

आठ वर्षांपूर्वी हाच गोरा कुडकुडत आला होता. वुलामोएच्या लेनापे जमातीने त्याला जागा दिली. दर वसंतात त्याने भेट आणायची, ती घेतली की आणखी एक वर्ष राहायचं, एवढंच ठरलं होतं. पहिल्या खेपेला त्याने तांब्याचं पातेलं आणलं. जमातीचा प्रमुख म्हणून वुलामोएने ते घेतलं आणि इलायसच्या कागदावर सहीची खूण म्हणून कासव काढून दिलं. बहिणीला विचारलं नाही. आता तेच त्याला खात होतं.

तो पातेलं घेऊन इलायसच्या दारात गेला. "हे घे तुझं. आणि चंबूगबाळं आवर."

इलायसला त्यांची बोली येत होती, नको तेवढी. "विकलंस की तू. हे कासव कुणाचं?"

"माझं. पण शेत बायांचं असतं. मी विकणारा कोण?"

"बायकांना विचारून कुणी जमीन घेतं होय?" इलायस हसला, पातेलं आत नेलं आणि दार लावलं. निलाजरा मेला.

घरी थोरली बहीण ओपालनी बियाण्याची टोपली घेऊन बसली होती. ओकची पानं खारीच्या कानाएवढी झाली होती, पेरणी थांबणार नव्हती.

"ऐकलं त्याने?"

"नाही."

"तू तरी मला कुठं विचारलं होतंस?" तिने टोपली उचलली. "ऊठ, पेरायला चल."

"मी? पुरुष कधी पेरतो का?"

"कासव काढायला हात चालला ना? मग कुदळीलाही चालेल."

दोघांनी ओंडके उपसले, डुकरं हाकलली. वुलामोए हरणाच्या हाडाच्या कुदळीने आळी करत गेला, ती मागून दाणे टाकत गेली. काठावरून गावातले पुरुष बघत होते. हसू देत, त्याला वाटलं.

इलायस बंदूक घेऊन धावत आला. "ए, कुणाला विचारून खणतोस?"

वुलामोएने मान वर केली नाही.

"मालकीण ती मागे उभी आहे. तिच्याशी बोल," तो म्हणाला. "मी नुसता गडी आहे."