मांजराचा पहिला घास

देशाच्या अगदी दक्षिण टोकाच्या पुएर्तो विल्यम्स गावात येऊन दामारिसला जेमतेम तीन दिवस झाले होते, आणि तेवढ्यात तिने गावातल्या निम्म्या कुत्र्यांशी आणि सगळ्या म्हाताऱ्यांशी ओळख काढली होती. एदेल्मिराच्या घरी पाठीवर बोचकं घेऊन हिंडणारी माणसं उन्हाळाभर उतरत. बहुतेक जण डोंगराची वाट विचारत, ओले मोजे तिच्या चुलीवर वाळत घालून घरभर वास करत आणि निघून जात. ही पोर मात्र देशाच्या पार दुसऱ्या टोकाची, कालामाच्या वाळवंटातली. पाण्याची तिला इतकी अपूर्वाई, की पहिल्याच दिवशी ती खाडीच्या काठावर तासभर नुसती उभी राहिली आणि नाक लाल करून परत आली.

"मावशी, हे काय? मावशी, ते कशाला?" असा तिचा दिवसभर धोशा चालायचा. एदेल्मिरा वैतागल्यासारखं दाखवायची. खरं तर तिला ते फार आवडत होतं. पण साठी उलटलेली बाई असल्या गोष्टी कबूल करत नाही.

पहिल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर एदेल्मिराने पाहुण्यांसाठी ठेवणीतली गोष्ट काढली होती. तिचं लहानपण पश्चिमेकडच्या एका बेटावर गेलं. आजूबाजूला मैलोन्मैल दुसरं घर नाही. तिथे खडकावरचे शिंपले उकडले की पहिला मान मांजराचा. त्याला एक द्यायचा आणि सगळ्या घराने अर्धा तास त्याच्याकडे टक लावून बसायचं. ते झोपलं तरी बाप ओरडायचा, "अरे, झोपलंय की मेलंय? ढोसून बघा कुणीतरी!" पाहुणे पोट धरून हसले होते. गेली तीस वर्षं एदेल्मिरा ही गोष्ट सांगत होती, आणि तीस वर्षं याच ठिकाणी थांबत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी दामारिस आली ती गुडघ्यापर्यंत भिजलेली आणि भलतीच खुशीत. एदेल्मिराचा कुत्रा कानेलो तिच्या मागोमाग आत शिरला.

"मावशी, मला वाढू नका. पोट गच्च भरलंय."

"कुठे गिळून आलीस?"

"समुद्रावर! विस्तव पेटवला, डब्यात शिंपले उकडले. वाळवंटातल्या मुलीनं, स्वतःच्या हातानं! आमच्या आईला सांगितलं तर खोटं वाटेल."

एदेल्मिराच्या हातातला डाव कढईत पडला. "बोर्ड वाचला नाहीस? लाल भरतीचा, शिंपल्यांत विष भरलंय म्हणून?"

"वाचला की. तो इथला, धक्क्यावरचा. मी तर लांब पलीकडच्या खडकांवर गेले होते. तिथलं पाणी कसलं लाल? काचेसारखं स्वच्छ होतं."

"ते लाल दिसत नाही, बये! कधीच दिसत नाही!"

"अहो, पण मी काय वेडी आहे?" दामारिसने कानेलोचे कान खाजवले. "आधी याला दिला. तुमच्या पद्धतीनं. चांगला अर्धा तास थांबले. बघा ना, कसा शेपूट हलवतोय गधडा."

कानेलो खरोखरच शेपूट हलवत होता.

"किती खाल्लेस?"

"कुणी मोजलेत? वीस असतील. तास झाला असेल." मग दामारिसने बोटाने ओठ चाचपला. "ओठांना नुसत्या मुंग्या येताहेत. वाऱ्यानं असेल, नाही?"

एदेल्मिराने पोरीचं मनगट पकडलं आणि स्वतःच्या पायातल्या घरच्या सपाताही न बदलता तिला ओढत बाहेर काढलं. शेजारचा रेमिजियो त्याच्या गाडीत सरपण भरत होता.

"दवाखान्यात! आत्ताच्या आत्ता!"

"एदेल्मिराबाई, एवढी लाकडं तरी..."

"चुलीत घाल तुझी लाकडं! पोरीनं शिंपले खाल्लेत!"

त्याने हातातला ओंडका तिथेच टाकला. गावात या वाक्यापुढे कुणी काही विचारत नाही.

रस्ता चार मिनिटांचा. पहिल्या वळणाला दामारिस म्हणाली की बोटं बधिर झालीत. दुसऱ्या वळणाला तिची जीभ जड झाली. "मावशी," ती अडखळत म्हणाली, "पण कुत्र्याला तर काही झालं नाही." ती तक्रार नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. एदेल्मिराला वाटलं, गाडीचं दार उघडून उडी मारावी.

दवाखान्यातली डॉक्टरीण वयाने दामारिसएवढीच दिसत होती, पण तिचे हात भराभर चालत होते. उलटी करवली, सुई लावली. तरी पाऊण तासात पोरीची मान लुळी पडली आणि छाती थकत थकत हलायला लागली. मग घशात नळी घातली आणि श्वासाचं मशीन जोडलं. बाहेर वारा पत्रे उचकटायला निघाला होता.

"तिला मोठ्या दवाखान्यात न्यायला पुन्ता अरेनासहून विमान?" एदेल्मिराने विचारलं.

"या वाऱ्यात उतरत नाहीये. दोनदा विचारलं." डॉक्टरीण तिच्याकडे वळली. "यावर उतारा नाही. श्वास आपण चालू ठेवायचा आणि विष उतरायची वाट बघायची. पण एक लक्षात घ्या. ती बेशुद्ध नाही. तिला नुसतं हलता येत नाही, पापणीसुद्धा. ऐकू सगळं येतंय. एकटी पडली तर भीतीनं अर्धी होईल. बसा, बोलत राहा."

एदेल्मिरा खुर्ची ओढून बसली. दामारिसचा चेहरा मेणासारखा होता. आत कुठेतरी ती पोर जागी होती, एका दगडाखाली सापडल्यासारखी, आणि तिला तिथे कुणी घातलं हे एदेल्मिराला पक्कं ठाऊक होतं. तिने हवेबद्दल बोलून पाहिलं. कानेलोबद्दल बोलली. मशीन उसासे टाकत होतं. मध्येच एकदा ते टीं टीं ओरडलं, परिचारिका धावत आली, नळी सारखी करून गेली, आणि तेवढ्या वेळात एदेल्मिराचा स्वतःचाच श्वास थांबला होता.

"ती मांजराची गोष्ट," ती शेवटी म्हणाली, "मी तुला अर्धीच सांगितली, पोरी."

तिने घसा खाकरला.

"मी आठ वर्षांची होते. मांजराला घास द्यायचं काम माझं. त्या वेळी तीन दिवस वादळ होतं. घरातले बटाटेसुद्धा संपलेले. माझा भाऊ एलादियो, बारा वर्षांचा, त्यानं जीव धोक्यात घालून खडकावरून शिंपले आणले. बाबा बाहेर लाकडं फोडत होते. आई पाळण्यातल्याला घेऊन बसली होती. मी मांजराला शिंपला दिला. त्यानं हुंगला आणि तोंड फिरवलं. मी परत दिला. परत फिरवलं. आणि मला भूक लागली होती. फार भूक. मी तो शिंपला चुलीत टाकला आणि ओरडले, 'खाल्ला!'"

तिने दामारिसचा हात धरला. तो थंडगार होता.

"अर्धा तास आम्ही मांजराकडे बघत बसलो. त्याला काय होणार? त्यानं खाल्लंच नव्हतं. मग एलादियोला पहिल्यांदा वाढलं, त्यानं आणले म्हणून. तो खात सुटला. माझं ताट येईतो त्याच्या ओठांना मुंग्या आल्या. संध्याकाळी तो गेला. सगळे म्हणाले, मांजरानं दगा दिला. आईनं त्याला घराबाहेर काढलं. ते दाराशी येऊन रडायचं आणि मी आत बसून ऐकायची. कुणालाच सांगितलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, पाद्र्याला नाही. हसण्यापाशी गोष्ट थांबवली की एलादियो अजून टेबलावर बसलेला असतो, म्हणून मी तिथेच थांबते. आणि कुत्र्यानं खाल्लं तरी काही कळत नसतं गं. कुत्रं एक खातं, माणूस वीस. हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

दामारिसचा चेहरा हलला नाही. एदेल्मिरा तिथून उठली नाही. डॉक्टरणीने कॉफी आणून ठेवली, ती गार झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला आणि त्याच सुमारास दामारिसची पापणी थरथरली. मग अंगठा हलला. दिवेलागणीला घशातली नळी काढली. ती बराच वेळ खोकत राहिली. एदेल्मिरा भिंतीला टेकून उभी होती, शिव्या खायची मनाची तयारी करून. आता ही पोर बोलणार, आणि जे बोलेल ते खरंच असणार.

"मावशी," दामारिसचा आवाज खरवडल्यासारखा आला.

"बोलू नकोस. घसा दुखेल."

"तुम्ही तेव्हा अवघ्या आठ वर्षांच्या होतात."

एदेल्मिरा पुढे झाली आणि तिच्या अंगावरचं पांघरूण नीट करायला लागली. ते नीटच होतं. तरी ती कितीतरी वेळ ते नीट करत राहिली.