शेवटचा माणूस खिंडीत पोचेपर्यंत

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता अग्निशमन दलाच्या वरच्या खोलीत गावच्या गिरिभ्रमण मंडळाची बैठक भरली, तेव्हा झेल्मिरा कुबालोवाच्या लक्षात आलं की तिच्या खुर्चीवर कुणाचं तरी जाकीट ठेवलं आहे. एकोणीस वर्षं ती त्या खुर्चीवर बसत होती. भिंतीवरच्या तात्रा डोंगररांगेच्या नकाशाच्या अगदी शेजारी, म्हणजे उठून हात लांब केला की काडीनं वाट दाखवता येते. जाकीट वेंडेलिन हालुष्काचं होतं.

"बाई, तुम्ही इकडे बसा," वेंडेलिन म्हणाला. "रेडिएटरजवळ. तुमच्या गुडघ्यांना बरं."

दोघंतिघं हसले. झेल्मिरानं जाकीट उचललं, खिडकीच्या कडीला अडकवलं आणि आपल्या खुर्चीवर बसली.

दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मंडळाची एक दिवसाची डोंगरफेरी असे. नोव्हेंबर लागला की राष्ट्रीय उद्यानाच्या वरच्या वाटा जूनपर्यंत बंद, म्हणून त्याआधीची ही शेवटची. बैठकीत ज्याचा बेत मंजूर होई तोच त्या दिवशी पुढारी. एकोणीस वर्षं दुसरा बेत कुणी मांडलाच नव्हता. झेल्मिरा गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. खोलीतल्या निम्म्या लोकांची पहिली परीक्षानळी तिच्यासमोर फुटली होती. निवृत्तीला सात वर्षं झाली तरी गाव तिला बाईच म्हणे. पुढारीपण गेलं तर उरलेल्या वर्षात तिला 'बाई' म्हणून हाक मारायला कुणाला काही कारण उरणार नव्हतं, हे तिला नीट ठाऊक होतं.

"एक बेत बाईंचा," अध्यक्ष इम्रिख म्हणाला. तो दलाचा जुना प्रमुख, एका कानानं बहिरा, आणि कुठला कान ते सोयीप्रमाणे बदलायचा. "दुसरा वेंडेलिनचा. आधी बाई."

तिनं तीन वाक्यांत सांगितलं. रोपरेल्वेच्या वरच्या स्टेशनापासून धाकट्या थंड दरीतून तेरीच्या डोंगरघरापर्यंत, तिथं सूप, त्याच वाटेनं परत. पाट्यांवर लिहिलेल्या वेळांप्रमाणे जाऊन-येऊन साडेचार तास.

"आणि बाईंच्या वेळेप्रमाणे?" वेंडेलिननं विचारलं. "नाही, मागच्या वर्षी रोपरेल्वेचा शेवटचा डबा आपल्या डोळ्यांदेखत खाली गेला. पोरीबाळी अंधारात जंगलातून उतरल्या. माझी बायको अजून माझ्याशी त्याबद्दल भांडते, आणि मी तर पुढारीसुद्धा नव्हतो."

झेल्मिरानं टेबलाच्या टोकाला बसलेल्या ओतिलियाकडे पाहिलं. ओतिलिया इतिवृत्त लिहायची. मागच्या वर्षी उशीर झाला तो तिच्या बुटाचा तळवा निघाला म्हणून. एक तास चाळीस मिनिटं दोघी दगडावर बसून तो दोरीनं बांधत होत्या. खाली आल्यावर सगळे चिडलेले होते, ओतिलिया रडवेली झाली होती, म्हणून झेल्मिरानंच 'माझ्यामुळे झालं' म्हणून टाकलं होतं. आता ओतिलिया मान खाली घालून तारीख लिहीत होती. तारीख तिनं आधीच लिहिलेली होती.

"उशीर झाला होता," झेल्मिरा म्हणाली. "पुढं बोल."

वेंडेलिन उठला. चव्वेचाळीस वर्षांचा, दारातून आडवं होऊन जावं लागेल इतका रुंद. तरुणपणी अकरा वर्षं तो थोरल्या थंड दरीतल्या 'दरवडेखोरांचं घर' नावाच्या डोंगरघराचा हमाल होता. पिठाची पोती, गॅसच्या टाक्या, बिअरची पिंपं लाकडी चौकटीला बांधून पाठीवरून वर न्यायचा. आता त्याची लाकडाची वखार होती. त्याआधी, आठवीत, झेल्मिरानं त्याला रसायनशास्त्रात पाच दिले होते. पाच म्हणजे नापास. ते वर्ष त्यानं पुन्हा काढलं होतं.

"एकोणीस वर्षं आपण तेरीला जातो आणि तेच सूप पितो," तो म्हणाला. "तिथला आचारीसुद्धा कंटाळला असेल. मी म्हणतो, या वर्षी पूर्ण फेरी. आडवी खिंड."

खोलीत कुजबूज झाली. आडवी खिंड म्हणजे दोन दऱ्यांच्या मधल्या कण्यावरची खाच. शेवटचा टप्पा साखळ्या धरून चढायचा. तात्राच्या पायथ्याशी जन्म काढलेल्या माणसांनाही तिचं नाव घेताना पाठ ताठ करावीशी वाटते. झेल्मिराला लोकांचे चेहरे दिसत होते आणि तिनं मनातल्या मनात त्याच्या मतांची मोजणी सुरू केली. आठ नक्की. कदाचित नऊ.

वेंडेलिननं खिशातून मोठा कागद काढून नकाशाखाली चिकटवला. त्यावर लाल शाईनं वाट काढली होती, जागोजागी बाण. वरच्या स्टेशनाहून थोरल्या थंड दरीत. दरवडेखोरांच्या घरी चहा. तिथून खिंडीत. खिंडीतून साखळ्यांनी तेरीच्या घराकडे खाली. मग धाकट्या दरीतून परत.

झेल्मिरानं बाण पाहिले आणि तिला वाटलं आपल्याला चुकीचं दिसलं. चष्मा काढून पुसला. बाण होते तसेच होते.

आडवी खिंड एकेरी आहे. तेरीच्या बाजूनं चढायचं, दरवडेखोरांच्या बाजूनं उतरायचं. उलट जायचं नाही. खाली पाटी आहे, वर पाटी आहे, आणि हे या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, वेंडेलिनला सगळ्यांत जास्त. पण वेंडेलिनच्या पायांना वेगळंच माहीत होतं. हमाल असताना तो पलीकडच्या घराला सामान पोचवायला हंगामाआधी, पहाटे, खिंडीत चिटपाखरू नसताना, परवानगी काढून इकडून तिकडे जायचा. काल रात्री कागद पुढ्यात घेऊन बसल्यावर त्याच्या हातानं पायांचीच वाट काढली होती. आणि बाकीचे बाणांकडे बघतच नव्हते. ते खिंडीकडे बघत होते.

तिला दोन्ही गोष्टी एकदम दिसल्या. आता सांगितलं तर तो कागद दोन मिनिटांत सुधारेल आणि तिच्याच मदतीनं त्याचा बेत निर्दोष होईल. गप्प बसलं तर शनिवारी बाराच्या सुमारास हा माणूस फेरीला येणाऱ्या सव्वीस जणांसमोर खिंडीतल्या पाटीखाली उभा राहील, लाल होईल. हे चित्र तिला फार आवडलं. ती त्यात थोडा वेळ रमली. मग तिनं ते पुढं नेऊन पाहिलं: हा पाटीखाली उभा राहिला तरी परत फिरणारा माणूस नाही. तो म्हणेल, मी इथून ऐंशी किलो घेऊन उतरलोय, चला. आणि सव्वीस जण साखळ्यांवर, चढून येणाऱ्या शनिवारच्या गर्दीच्या डोक्यावर, पायाखालचे दगड सोडत.

"वेंडेलिन," ती म्हणाली, "काही शंका आहेत."

"विचारा की."

"खिंडीत किती वाजता पोचणार?"

"साडेअकरा. बारा धरा."

"शनिवारी. हवा चांगली असेल तर तेरीकडून त्या वेळी किती माणसं चढत असतील?"

"असतील शंभरेक."

"कुठल्या साखळ्यांनी?"

"कुठल्या म्हणजे? साखळ्या तिथल्याच. त्या काय..." तो थांबला. त्याची नजर कागदावर गेली. मानेपासून कानापर्यंत तो हळूहळू लाल होत गेला. आठवीतही असाच व्हायचा.

"बोल, बोल," ती म्हणाली. "सावकाश. आपल्याला वेळ आहे."

आता सगळ्यांनी बाण पाहिले. मागून पोस्टातल्या बाई फिस्सकन हसल्या. "अरे वेंडो, उलटं पुस्तक धरलंयस!" कुणीतरी म्हणालं. इम्रिखनं "काय झालं, काय झालं" म्हणून हाताचा कर्णा केला.

"मी त्या वाटेनं अकरा वर्षं गेलोय," वेंडेलिन म्हणाला.

"पहाटे चारला. एकटा. पोतं घेऊन. पोत्याला नातेवाईक नसतात."

"पुरे झालं, बाई."

"पुरे नाही झालं. सव्वीस माणसं तू—"

"पुरे झालं म्हणतो ना!" त्यानं टेबलावर हात आपटला. चीजच्या वेण्या ठेवलेली बशी उडाली. मग त्यानं दातांनी पेनचं टोपण काढलं आणि कागदावर एकेक बाण खोडून उलटा काढत गेला. शाई कागदातून पार भिंतीला लागली. "हे घ्या. झालं? तेरीकडून वर, इकडून खाली. फेरी तीच, खिंड तीच. चूक काढायला तुम्ही लई हुशार, बाई, पहिल्यापासून. पण लोकांना कुठं न्यायचं ते तुम्हाला कधी सुचलं नाही. मतं घ्या, इम्रिख."

मतं घेतली. झेल्मिराच्या बाजूनं पाच हात वर आले. वेंडेलिनच्या बाजूनं नऊ. नववा हात ओतिलियाचा होता. पेन धरलेला, कोपरातून अर्धाच वर, जणू खांदा खाजवायला गेलेला.

"ओतिलिया, तू?" झेल्मिरा म्हणाली.

"मला खिंड बघायची आहे गं एकदा," ओतिलिया वहीकडे बघत म्हणाली. "एकोणीस वर्षं सूपच पितोय."

झेल्मिराला वाटलं होतं तसं काही झालं नाही. छातीत कळ आली नाही की डोळे भरले नाहीत. फक्त खोली नेहमीपेक्षा लख्ख दिसू लागली.

इम्रिखनं बाटली काढली. जिंकल्यावर वेंडेलिन मोकळा झाला, पेला भरून घेत म्हणाला, "आता शेवटचा माणूस ठरवा. मी सुचवतो, बाई. नाहीतरी त्या शेवटीच असतात."

या वेळी जवळजवळ सगळेच हसले. बाईंच्या बाजूनं हात वर केलेलेसुद्धा.

"लिही," झेल्मिरा ओतिलियाला म्हणाली.

"अगं, तो चेष्टेनं—"

"अध्यक्षांनी ऐकलं. कुणी हरकत घेतली नाही. लिही. शेवटचा माणूस, कुबालोवा."

ओतिलियानं लिहिलं. झेल्मिरानं पर्समधून पेन्सिल काढली आणि वेंडेलिनच्या कागदापाशी जाऊन उभी राहिली.

"मंडळाचा नियम सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "शेवटच्याच्या मागं कुणी राहायचं नाही. आणि शेवटचा माणूस खिंडीत पोचेपर्यंत पुढाऱ्यानं पलीकडं उतरायला पाय टाकायचा नाही. म्हणजे सगळा बेत शेवटच्याच्या चालीनं मांडायचा. पाट्यांप्रमाणे पावणेआठ तास. माझी चाल पाटीच्या एक पूर्णांक चार दशांश पट."

पेन्सिल कागदावर चालली. दहा तास एक्कावन्न मिनिटं. विश्रांतीचा एक तास. वरच्या स्टेशनावरून आठला निघालं तर परत यायला आठ वाजायला नऊ मिनिटं. शेवटचा डबा सातला.

"मग लवकर निघू," वेंडेलिन म्हणाला.

"पहिला डबा साडेसातला वर येतो. त्याआधी निघायचं तर पायथ्यापासून चालत. माझ्या चालीनं तो आणखी दीड तास. म्हणजे गावातून बस पाचला. उठायचं चारला."

"चारला?" पोस्टातल्या बाई म्हणाल्या. "मी कुठं चाललेय, गाईंच्या धारा काढायला?"

"मग दुसरा कुणीतरी शेवटचा घेऊ," वेंडेलिन भराभर म्हणाला. "ते मी सहज बोललो. ओतिलिया, खोड ते."

"इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही," ओतिलिया पुटपुटली, आणि कुणाची बाजू घेतली हे लक्षात येऊन घाबरली.

"बाई, साखळ्यांवर जमणार आहे का तुम्हाला?"

"जमेल. सावकाश. तू वर खिंडीत थांब. पाटीच्या वेळेनं चढलास तर तुला छत्तीस मिनिटं थांबावं लागेल. वारा असतो तिथं, टोपी आण."

"आणि मध्येच बसलात तर?"

"तर तू वरून हाक मार. खाली मात्र येऊ नकोस. एकेरी आहे."

कुणी हसलं नाही. वेंडेलिन तिच्याकडे बघत राहिला. तो बेत मागे घेऊ शकला असता. तेरीचं सूप, साडेचार तास, सगळे सुखानं झोपले असते. ती वाट बघत होती.

"पाचला बस," तो शेवटी म्हणाला. "एक मिनिट उशीर झाला तर मी कुणासाठी थांबणार नाही."

"शेवटच्यासाठी थांबावं लागतं," ती म्हणाली आणि कोट घातला.

बाहेर अजून ऊन होतं. कण्याच्या टोकांवर ते नारिंगी झालं होतं. झेल्मिरा गिरणीच्या रस्त्यानं घराकडे निघाली.

उन्हाळाभर ती दर मंगळवारी एकटीच धाकट्या दरीत जाऊन घड्याळ लावून चालत होती. नऊ मोजण्या, नऊ तारखा, वहीत सगळं होतं. तिची चाल पाटीच्या एक पूर्णांक पंचवीस शतांश पट होती. एकदाही त्याहून जास्त नाही. त्या चालीनं आठला निघून, तासभर विसावा घेऊन, सात वाजायच्या एकोणीस मिनिटं आधी सगळे स्टेशनात असते. कुणालाही चारला उठावं लागलं नसतं. चाळीस वर्षं तिनं पोरांना सांगितलं होतं की आकडा जसा मिळाला तसा लिहायचा.

पुलापाशी तिनं घड्याळ पाहिलं. घरापर्यंत तिला नेहमी बारा मिनिटं लागत. एक पूर्णांक चारनं चालायचं म्हणजे साडेतेरा लागायला हवीत. तिनं पाऊल आखूड केलं, शंभर पावलं मोजली, घड्याळ पाहिलं. अजून ती फार भरभर जात होती. मागून सायकलवरून कुणीतरी "नमस्कार बाई, बरं आहे ना?" म्हणत गेलं. तिनं मान हलवली, आकडा चुकला म्हणून चडफडली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.