पेन्सिलीत राहिलेला पक्षी

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो, आणि हल्ली माझा मुक्काम तांदळाच्या डब्यात असतो. हसू नका. दमट हवेत माझ्या काचांना बुरशी धरते आणि तांदूळ ओल शोषून घेतात, म्हणून माझ्या मालकाने मला हे घर दिलं. पूर्वी रोज दोन वेळा बाहेर येऊन उन्हात बसायची. आता महिनोन् महिने झाकण उघडत नाही, आणि उघडलं तरी कोणाचा तरी हात मला बाजूला सारून तांदूळच काढून घेतो.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला नक्की सांगता येणार नाही. अंगावरची अक्षरं केव्हाच पुसली गेली. एवढं आठवतं, की बोटीवरच्या एका खलाशाने मला जुन्या बाजारात विकलं आणि तिथून ठाण्याच्या कोपरीतल्या त्र्यंबकने मला उचललं. मुलाच्या बारशाचे पेढे आणायला गेलेला माणूस गळ्यात दुर्बीण अडकवून परत आला. त्याची बायको सगुणा पाहुण्यांसमोर म्हणाली, "बरं झालं, आता यातून पेढे कुठे राहिले ते बघा." घरात माझं स्वागत हे असं झालं.

त्र्यंबक सरकारी कचेरीत कारकून होता. शेजारच्या टेबलावर ठाकुर्लीचा रतन बसायचा. दोघांना पक्ष्यांचं वेड. दर रविवारी कधी कल्याणची खाडी, कधी कोपरीच्या मागची मिठागरं आणि चिखल, असे दोघे भटकायचे आणि दिसलेला पक्षी एका जाड वहीत लिहायचे. एकदा त्र्यंबकने एकट्याने जाऊन मोठ्या दिमाखात एक दुर्मीळ पांढरा बगळा लिहिला. पुढच्या रविवारी रतन बघायला गेला, तर बगळा तिथेच, तसाच! ती तिवराच्या फांदीला अडकलेली प्लास्टिकची पिशवी होती. खरं सांगते, त्यात माझाही थोडा दोष होता. पण हसं झालं ते त्र्यंबकचं.

त्या दिवशी त्याने स्वतःच नियम घातला. दोघांनी पाहिलेला पक्षी शाईने लिहायचा. एकट्याने पाहिलेला पेन्सिलीने. आणि दर पाडव्याला, गुढी उभारून श्रीखंड खाऊन झालं की दोघांनी बसायचं आणि ज्याला वर्षभरात दुसरा साक्षीदार मिळाला नाही असा प्रत्येक पक्षी रबराने पुसून टाकायचा. सगुणा याला 'पुसापुशीचा सण' म्हणायची. तीसेक वर्षांत किती पाखरं पुसली गेली असतील! एकदाही दोघांनी लबाडी केली नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. आज त्या अभिमानाची शरम वाटते, ती का, तेच सांगायला बसले आहे.

२००५ च्या महापुरात आमच्या तळमजल्याच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं आणि माझा उजवा डोळा गेला. काचेत कायमचा ढग बसला. दुरुस्तीवाल्याने मान हलवली. त्र्यंबक मात्र म्हणाला, "एक डोळा चांगला आहे ना? मग झालं." पुढे दोघे निवृत्त झाले, केस पिकले, पण रविवार चुकला नाही. तो चुकला २०२० साली. पाडव्याच्याच दिवसापासून सगळा देश बंद झाला आणि रतन पहिल्यांदाच पुसापुशीला आला नाही.

सकाळी थोडा वेळ भाजी आणायची सवलत होती. त्र्यंबक कापडी पिशवीच्या तळाशी मला ठेवायचा, वर कोथिंबिरीची जुडी, आणि थेट खाडी गाठायचा. एवढ्या वर्षांत मला कोथिंबिरीचा वास कधी आला नव्हता, त्या महिन्यात मी त्यातच न्हाले. खाडी अगदी शांत होती. थंडीत इकडे आलेले पक्षी उत्तरेकडे परत निघाले होते आणि वाटेत चिखलावर पोट भरून घेत होते. त्यांना रोखणारं कोणी नव्हतं.

तिथे रोज आणखी एक माणूस असायचं. आवडाबाई. कोळीवाड्यातली, सत्तरी गाठलेली, गुडघ्यापर्यंत चिखलात उतरून खुब्यांचे शिंपले आणि निवट्या मासे धरायची. बाजार बंद, होड्या काठाला, मग घरच्या कालवणापुरतं हेच. वीस वर्षं ती आणि त्र्यंबक एकमेकांना बघत होते, पण "काय, भरती कधी?" यापलीकडे बोलणं नव्हतं.

एप्रिलच्या मधल्या आठवड्यात तिनेच हाक मारली. "ओ भाव, इकरं या! त्या बारक्या पाखराची चोच कोनी चेपलीन?"

त्र्यंबकने मला डोळ्याला लावलं. चिखलावर शंभरेक टिलवे टिपत होते, चिमणीएवढे, सगळे सारखे. त्यांच्यात एक विटकरी डोक्याचा. तो चोच चिखलात घालून डावीकडे-उजवीकडे ढवळत होता. मग त्याने मान वर केली आणि समोर पाहिलं. चोचीचं टोक चपटं, गोल, चमच्यासारखं! माझ्या डाव्या डोळ्यात तो अगदी स्वच्छ उतरला. त्र्यंबक मला डोळ्यावरून काढायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा, त्यात मला तो पक्षी दोनदा हरवला. साऱ्या जगात ज्यांची संख्या काही शेकड्यांवर आली आहे, असा चमचचोच तुतवार कोपरीच्या चिखलात उभा होता.

"बगू मना," आवडाबाई म्हणाली. त्र्यंबकने आनंदाच्या भरात मला तिच्या हातात दिलं. तिचे हात चिखलाचे, खारट. तिने क्षणात ओळखलं, "उजव्या डोल्यान ढग हाय," आणि तो डोळा मिटून डाव्याने पाहिलं. मित्रांनो, माझ्यातून पुष्कळ लोकांनी पाहिलं, पण असं स्थिर कोणी पाहिलं नाही. "पलीवानी हाय गो माय," ती म्हणाली. "तेल वाराची पली नाय का, तशी!"

त्र्यंबकने तिथूनच रतनला फोन लावला. फोन बटणांचा, त्यात फोटो वगैरे काही निघत नसे.

"रतन, चमच्या दिसला!"

"चमचे तर आपल्या कचेरीत रोज दिसायचे," रतन हसला. त्याला वाटलं, नेहमीचा मोठा चमच्या बगळा.

"अरे तो नव्हे! तुतवार! चमचचोच तुतवार, चिमणीएवढा!"

पलीकडे रतन खुर्चीवरून उठल्याचा आवाज आला. मग रतनने हळूच विचारलं, "बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही रे. खाडीवर आता कोण येतंय?"

मित्रांनो, आवडाबाई तेव्हा दहा हातांवर पाय धूत होती. तिने ते ऐकलं. टोपली डोक्यावर घेऊन ती निघून गेली. त्र्यंबक खोटं बोलला नव्हता हो. साक्षीदार म्हणजे हातात पुस्तक असलेला माणूस, असं त्याच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की पक्षी दाखवणारीच त्याला दिसली नाही. त्या दिवशी ढग माझ्या उजव्या काचेत होता, तसाच एक त्याच्याही डोळ्यात होता.

दुसऱ्या दिवशी सहासष्ट वर्षांचा रतन सायकल काढून निघाला. शिळफाट्याला पोलिसाने अडवलं. "काका, कुठे?" "पक्षी बघायला." पोलीस बिचारा हात जोडून म्हणाला, "पक्ष्याला पास लागत नाय काका, तुम्हाला लागतो. जावा घरी." रतन परत गेला. त्याच दिवशी सगुणाला कोथिंबिरीखाली मी सापडले, घरात रडारड झाली आणि त्र्यंबकचं खाडीवर जाणं बंद झालं. वहीत त्याने पेन्सिलीने लिहिलं: चमचचोच तुतवार, एक. मग रोज फोनवर एकच बोलणं. "पुढच्या एप्रिलला तू ये. तो परत येईल. मग आपण शाईने लिहू." "येतो ना. बघू आपण."

गणपती गेले आणि त्र्यंबकला ताप आला. अकराव्या दिवशी तो दवाखान्यातच गेला. कोणाला जवळ जाता आलं नाही, रतनलाही नाही. मी तांदळात होते.

पुढच्या पाडव्याला रतन आला. पुन्हा सगळं बंद होणार अशी कुणकुण होती, म्हणून रिक्षा बदलत बदलत, तोंडाला दोन मास्क लावून आला. सगुणाने गुढी उभारली नव्हती. त्याने वही मागितली, खिशातून रबर काढलं आणि ते पान उघडलं.

"वहिनी, त्या दिवशी त्र्यंबकबरोबर कोणी होतं का? नीट आठवून सांगा."

"कोण असणार भावोजी? रस्त्यावर कुत्रं नव्हतं तेव्हा."

झाकण जरा उघडं होतं, मला सगळं दिसत होतं, आणि मी डब्यात ओरडत होते. पण दुर्बिणीला डोळे असतात, तोंड नसतं.

"राहू द्या ना तेवढा एक," सगुणा म्हणाली.

"नियम त्याचाच आहे वहिनी. ठेवला तर तो मला हसेल." असं म्हणून रतनने तो पक्षी पुसला. फार जपून पुसला, कागद जराही खराब होऊ दिला नाही. रबराचा चुरा तळहातावर गोळा केला आणि खिडकीबाहेर न टाकता खिशात ठेवला. मग तो रडला.

आठ-दहा दिवसांनी दारात आवडाबाई आली. हातात सुकटीची पुडी. "भाव जेलं, मना आताच समाजला गो," ती उंबऱ्यातच बसली. "मानूस चांगला होता. मना नलकांड्यातशी पाखरू दाखवलान त्याने. पलीवानी चोच. तो पाच दिस होता तिथं. भाव आला नाय मंग, पन मी रोज बगाची. सहाव्या दिसाला उरून जेला."

सगुणाने हातातला चहा खाली ठेवला. आधी तिने रतनला फोन लावला. तो लागला नाही. रतन आदल्या रात्रीच दवाखान्यात दाखल झाला होता आणि तिथून परत आला नाही. मग तिने वही आणली, शाईचं पेन आणलं आणि पानं उलटायला लागली. पण रतनचा हात मोठा स्वच्छ. कुठल्या पानावर काय पुसलंय, ते तिला काही केल्या सापडेना.

"लिवा, मी सांगते ना," आवडाबाई म्हणाली.

"कुठे लिहू, बाई?" सगुणा म्हणाली आणि तिने पेनाचं टोपण लावलं.

नंतर किती एप्रिल आले. तो पक्षी पुन्हा दिसला की नाही, मला माहीत नाही, कारण मला कोणी खाडीवर नेलं नाही. ऊन न मिळाल्याने माझ्या डाव्या काचेतही आता ढग धरला आहे. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी म्हातारी दुर्बीण असेल तर तिला अधूनमधून उन्हात ठेवा. आणि कधी काही नवल दिसलं, आणि कोणी विचारलं, "बरोबर कोण होतं?" तर "कोणी नाही" म्हणण्याआधी एकदा मागे वळून बघा.