शापाची खातरजमा

मी शब्दकोशाच्या कचेरीत काम करते, आणि आत्याला ते मान्य नाही. तिचं शिवणकामाचं दुकान मी चालवावं, असं तिच्या मनात होतं. मी नाही म्हटल्यावर तिने मशीन थांबवलं, उठून उभी राहिली, माझं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाली, ‘तुझ्या हातचं एकही काम तडीस जाणार नाही.’ तेव्हापासून अबोला. आई-वडिलांमागे तिनेच मला वाढवलेलं, त्यामुळे जीव तुटायचा. पण मीही तिचीच भाची, कशाला नमतेय?

मग कोशात ‘श’ सुरू झाला आणि ‘शाप’ नेमका माझ्याच टेबलावर आला. अर्थ लिहिला: शिवी रागात तोंडून निसटते; शाप समोरच्याचं नाव घेऊन, रीतसर उच्चारतात. मूळ संस्कृत धातू शप्, ‘शपथ’ही त्यातूनच. उदाहरणाला आत्याचं वाक्य टाकलं. एवढा अस्सल माल घरात असताना बाहेर कशाला शोधा?

आमचे संपादक, ज्यांना आम्ही पाठीमागे ऱ्हस्वदीर्घ म्हणतो, नियमाला पक्के. ऐकलेलं वाक्य कोशात घ्यायचं, तर बोलणाऱ्याने ते आमच्यासमोर पुन्हा म्हणायला हवं. ‘खातरजमा करून या,’ ते म्हणाले. म्हणजे मी आपल्या पायांनी जाऊन पुन्हा शाप घ्यायचा. धन्य त्या नियमाची.

गेले. आत्या काजं करत बसली होती. मी उभ्या उभ्याच काम सांगितलं, नोंद वाचून दाखवली. तिने चष्मा कपाळावर सरकवला.

‘शाप आणि शपथ. म्हणजे सख्खी भावंडंच की.’

‘हो. आता ते वाक्य म्हण, म्हणजे मी सुटले.’

ती उठली. माझं पूर्ण नाव घेतलं. ‘तुझ्या हातचं एकही काम...’ म्हणाली आणि अडली. घसा खाकरून पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली.

‘नाही येत गं,’ ती म्हणाली. ‘त्याला राग लागतो. तो आता कुठून आणू?’

‘अगं, साहेब माझ्या डोक्यावर बसतील.’

‘बसू देत. सांग त्यांना, म्हातारी नापास झाली.’

मला हसू आवरेना, आणि रडूही. तिने गळ्यातली टेप काढून माझ्या खांद्यांवर धरली.

‘किती वाळलीस. सरळ उभी राहा, माप घेऊ दे.’

मी राहिले.