निळं स्वयंपाकघर

सुंदररावांचा नवा बंगला उमापूरच्या रस्त्याला उभा राहिला, तेव्हा त्यातली एकूण एक गोष्ट पुरुषांनी ठरवली. पुढचे खांब किती जाड असावेत यावरून बाप-लेकांत महिनाभर धुसफूस चालली. जिना आतून घ्यायचा की बाहेरून, हे मांजरसुंब्याच्या एका पाहुण्याला विचारून ठरलं. सुंदरराव दोनदा पंचायत समितीवर निवडून आलेले, त्यामुळे त्यांना घरापेक्षा घरापुढं किती गाड्या उभ्या राहतील याची काळजी जास्त. त्यांची सून स्वप्नाली दोन वर्षं बांधकामावर चहा पाठवत राहिली आणि कशातच बोलली नाही. शेवटी रंगकाम निघालं तेव्हा तिचा नवरा विजयसिंह जेवता जेवता म्हणाला, "स्वयंपाकघराचं तुझं तू बघ. तिथं आमचं काय काम?"

तो सहज बोलून गेला. तिनं मात्र ते घट्ट धरून ठेवलं.

निळा रंग तिच्या मनात लहानपणापासून होता. माहेरी दिवाळीच्या तोंडावर तिची आई, केसरबाई, चुना भिजवायची आणि त्यात कपड्याची नीळ कालवायची. बाकीच्या घराला किती नीळ टाकायची हे आई ठरवायची, पण चुलीच्या खोलीसाठी स्वप्नालीला विचारायची. एक पुडी टाकली की भिंत नुसती पांढरी चमकायची, दोन टाकल्या की दुपारच्या आभाळासारखी व्हायची. स्वप्नाली नेहमी तीन म्हणायची. आई कुरकुरत तीन टाकायची.

रंग द्यायला शहादेव आला. गावातलाच, समाजमंदिराच्या मागं राहणारा. सात वर्षं पुण्यात मोठमोठ्या इमारतींवर काम करून परत आलेला. त्यानं शेडकार्ड ओट्यावर पसरलं आणि स्वप्नालीनं निळ्याचं पान काढलं, तशी तो थोडा थांबला.

"वहिनी, घरात विचारलंय ना?"

"मलाच बघायला सांगितलंय."

"बरं," तो म्हणाला, आणि कामाला लागला.

नऊ दिवस ते काम चाललं. शहादेवनं भिंतीवर चार ठिकाणी चार निळे लावून दाखवले आणि सकाळी बघा, मग दिवेलागणीला बघा, असं सांगून गेला. "सकाळचा उजेड हिकडून येतो, तवा ह्यो जरा करडा दिसंल. थेंबभर पिवळा टाकू का?" असं तो विचारायचा आणि तिच्या उत्तराची खरोखर वाट बघायचा. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. या घरात हा की तो, असं कुणी तिला विचारल्याचं तिला आठवेना. शेवटी वरच्या भिंती पाण्यासारख्या फिकट झाल्या, ट्रॉल्यांची दारं मोरपंखीकडं झुकणारी, खिडकीची चौकट त्या दोन्हींच्या मधली, आणि ओट्यामागं गर्द निळ्या टाइल्स. काम संपलं त्या दिवशी स्वप्नाली रिकाम्या ओट्याला टेकून कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. सासूबाई, मुक्ताबाई, काठी टेकत आल्या. त्यांनी चारी भिंतींवरून नजर फिरवली.

"डोळ्याला गार वाटायलंय बाई," त्या म्हणाल्या.

वास्तुशांतीला तालुक्यातून माणसं आली. बायका स्वयंपाकघरात येऊन टाइल्सवरून हात फिरवून गेल्या. विजयसिंहाचा चुलतभाऊ अंगद, जो त्याचं सगळं राजकारण मोबाइलवर सांभाळायचा, त्यानं घरभर फोटो काढले आणि गटातल्या लोकांना पाठवून दिले. हॉलच्या कमानीतून स्वयंपाकघर सरळ दिसायचं, त्यामुळे सुंदररावांच्या सत्काराच्या फोटोतही त्यांच्या फेट्यामागं निळी भिंत आली. त्या फोटोखाली कुणीतरी लिहिलं, "आप्पांनी झेंडा बदलला काय?" मग त्याखाली हसणाऱ्यांची रांग लागली.

दोन दिवसांनी दुपारी सुंदरराव स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. ते सहसा इकडं येत नसत. सुनेशी बोलायचं झालं तरी बायकोमार्फत बोलत. आत्ताही त्यांनी मुक्ताबाईंकडं बघूनच विचारलं.

"कावून निळा?"

मुक्ताबाईंनी सुनेकडं बघितलं.

"दुन्येत दुसरा रंग न्हवता का? लोक काय म्हणायलेत ठाव हाय? सुंदररावच्या घरात समाजमंदिर निघालं म्हणायलेत. आपली मान्सं नाराज झाली तर इलेक्शनला मी कुनाच्या दारात जाऊ?"

तेव्हा कुठं स्वप्नालीच्या डोक्यात उजेड पडला. समाजमंदिरावरचा झेंडा निळा, जयंतीची मिरवणूक निळी, वेशीजवळची कमान निळी. हे सगळं ती रोज बघत होती. पण आपल्या घरातली माणसं त्या रंगाकडं कोणत्या नजरेनं बघतात, हे तिनं कधी स्वतःशी बोलून घेतलं नव्हतं. शहादेव पहिल्या दिवशी का थांबला होता, तेही तिला आत्ता कळलं.

"आप्पा, रंगच आहे तो," ती म्हणाली.

सुंदररावांनी पहिल्यांदाच तिच्याकडं बघितलं. आवाज चढवला नाही. "सोमवारी दुसरा मारून घ्या," असं म्हणून ते निघून गेले. तव्यावरची भाकरी एका बाजूनं काळी झाली होती.

ती मुक्ताबाईंकडं गेली. "आत्याबाई, तुम्हाला आवडलं होतं ना?"

"आवडलंतं. अजूनबी आवडतंय." म्हातारीनं तिचा हात हातात घेतला. "पन माझं म्हननं त्या हॉलपर्यंत कदी पोचलं न्हाई पोरी. आता ह्या वयात काय पोचंल?"

मग तिनं विजयसिंहाला गाठलं. तो रागावला नाही, आणि हेच तिला जास्त जड गेलं. तो तिच्या शेजारी बसला, चांगल्या सुरात बोलला. "अगं, माझं काहीच म्हणणं नाही. मला तर छान वाटतं. पण आप्पांचं वय बघ, दिवस बघ. इतकी वर्षं लांबलेली निवडणूक आता तोंडावर आलीय. एका रंगापायी आपण अडून बसायचं का?"

"तुम्हीच म्हणाला होतात, तुझं तू बघ."

"म्हणालो होतो की. मला काय माहीत तू निळा घेशील?"

तिनं आईला फोन लावला. केसरबाईनं सगळं ऐकून घेतलं. "लावू दे त्यान्ला काय लावायचं ते," ती म्हणाली. "रंगावरनं भांडून तू जानार कुठं?" स्वप्नालीनं भाचरांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

सोमवार यायच्या आत, शनिवारी, निवडणूक जाहीर झाली. विजयसिंहाला झेडपीचं तिकीट मिळालं. संध्याकाळी हॉल माणसांनी भरला आणि अंगद कमानीत उभा राहून स्वयंपाकघराकडं बघत राहिला.

"आप्पा," तो म्हणाला, "रंगाला हात लावू नका."

"कावून?"

"गटात तिकडची तीन हजार मतं हायेत. त्यांना घरात आणू. ह्या भिंतीपुढं बसवून चहा पाजू. फोटो काढू. असली भिंत दुसऱ्या कोन्त्या उमेदवाराच्या घरी हाय?"

सुंदररावांनी मिशीवरून हात फिरवला. मग ते हसले, आणि हॉल हसला. स्वप्नाली आत चहा गाळत होती. रंग वाचला म्हणून तिला आधी बरंच वाटलं. बरं वाटल्याची लाज त्याच्या पाठोपाठ आली. गाळणी कपावर धरून ती तशीच उभी राहिली, चहा बशीत सांडून गेला.

पुढच्या आठवड्यात अंगदनं समाजमंदिराकडच्या दहा-बारा बायकांना गाडीत घालून आणलं. त्यांत शहादेवची आई बायनाबाई होती. हॉल ओलांडताना बायकांनी पदर सावरले, पाय कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. अंगदनं त्यांना ओट्यापुढं खुर्च्यांवर बसवलं आणि स्वप्नालीच्या हातात ट्रे दिला.

बायनाबाईनं कप घेतला, पण प्यायली नाही. ती भिंतीकडं बघत होती.

"माझ्या लेकानं मारलाय ह्यो," ती हळू आवाजात स्वप्नालीला म्हणाली. "रोज घरी येऊन सांगायचा. आज असा घातला, आज तसा घातला. म्या म्हनायचे, मला काय दाखवतो, मी कुठं जानार हाय तिथं? तुमच्या जुन्या घरी पन्नास वर्सं खळं सारवलं. वसरीच्या आत आलते न्हाई कदी."

स्वप्नालीला खूप काही बोलायचं होतं. या रंगाचा आणि मतांचा काही संबंध नाही, हे तिला सांगायचं होतं. पण हातात ट्रे होता, नवरा दारात हात जोडून उभा होता, आणि तिचं कुठलंही वाक्य आता प्रचाराचंच वाटलं असतं.

"परत या मावशी," ती एवढंच म्हणाली.

"वहिनी, हिकडं बघा जरा," अंगद म्हणाला. "मावशी, कप वर धरा."

तोच फोटो पत्रकावर छापला गेला. खाली लिहिलं होतं: हे घर सर्वांचं. पत्रक गावभर वाटलं गेलं, शहादेवच्या घरातही पडलं असणार. त्यानंतर शहादेव रस्त्यात दिसला की मान खाली घालून जायचा, आणि स्वप्नालीही त्याला हाक मारायची नाही.

त्या दिवसांत आणखी चार वेळा बायका आल्या, दोनदा पुरुष आले. दर वेळी अंगद आधी येऊन ओट्यावरची भांडी बाजूला सारायचा आणि टाइल्स पुसायला सांगायचा. स्वप्नालीनं दळलेलं पीठ, निवडलेली मेथी, मुलीचा डबा, सगळं तेवढ्यापुरतं मागच्या खोलीत जायचं. एकदा ती म्हणाली, "आज मला स्वयंपाक करायचाय." तर अंगद अगदी अदबीनं म्हणाला, "धाब्यावरून मागवतो ना वहिनी, तुमी कावून तरास घेता?"

विजयसिंह अकराशे मतांनी निवडून आला. गुलाल उधळत माणसं घरात शिरली. सत्कार, पेढे, फोन यांत चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सुंदरराव मुक्ताबाईंना म्हणाले, "सूनबाईला म्हनावं, आता तेवढं स्वयंपाकघराचं उरकून घ्या." ना राग, ना टोमणा. नळ दुरुस्त करून घ्या म्हणावं तसं.

त्या रात्री जेवताना स्वप्नाली विजयसिंहाला म्हणाली, "मला हा राहू द्यायचाय." तिनं हे वाक्य दिवसभर मनात घोकलं होतं.

विजयसिंहानं घास गिळला. "अगं, आता आमदार-खासदार येतील घरी. हॉलमधनं सरळ तेच दिसतं." मग त्यानं खिशातून शेडकार्ड काढून तिच्यापुढं सरकवलं. त्यानं आठवणीनं आणलं होतं. "क्रीममध्ये बावीस प्रकार आहेत. कोणता घ्यायचा ते तूच ठरव. पसंती तुझीच."

तो खरंच प्रेमानं बोलत होता. तिनं न बघता एकावर बोट ठेवलं.

शहादेवच आला. सोबत टाइल्स काढायला गेवराईहून एक गवंडी आला होता. गवंड्यानं छिन्नी लावली आणि पहिल्या घावाला गर्द निळी टाइल मधोमध चिरली. स्वप्नाली मागच्या खोलीत गेली, पण आवाज तिथंही येत होता. दुपारी गवंडी जेवायला गेला, तेव्हा ती परत आली. शहादेव भिंतीला पॉलिश पेपर मारत होता. फिकट निळी भुकटी त्याच्या भुवयांवर, हातांवर बसली होती.

"तुम्ही नाही म्हणाला असता तर?" तिनं विचारलं.

"न्हाई म्हनून कुठं जाऊ वहिनी? गाव तर ह्योच हाय. विजयसिंह भैय्याचा सोताचा फोन आलता." तो घासत राहिला. मग पेपर झटकून म्हणाला, "पयल्या दिवशी विचारलंतं मी तुमाला."

"मला तेव्हा कळलं नाही."

"मला कळलंतं." त्यानं हात थांबवला. "तरी मारला. वाटलं, मलाबी बघायचाय कसा दिसतो ते."

तिला त्याची माफी मागायची होती. पण कशाची मागायची, हे ती ठरवू शकली नाही. रंग निवडल्याची, की तो राखता न आल्याची, की त्याच्या आईला भिंतीपुढं बसवल्याची? तेवढ्यात हॉलमधून अंगदनं अकरा चहा सांगितले. ओटा धुळीनं भरला होता, म्हणून तिनं मागच्या खोलीत जमिनीवर शेगडी पेटवली.

निळ्यावर क्रीम बसायला तीन हात लागले. पहिल्या हातानंतर भिंत आजारी माणसाच्या कातडीसारखी दिसत होती, दुसऱ्यानंतर मळकट. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती इतर कुणाच्याही घरातल्या भिंतीसारखी झाली. ओट्यामागं पांढऱ्या टाइल्स बसल्या. शहादेव दाराबाहेरच्या नळावर ब्रश धूत बसला होता.

विजयसिंह चार पाहुण्यांना घेऊन आत आला. सगळ्यांनी छताकडं, भिंतीकडं बघितलं. "आता कसं घरासारखं वाटतंय," एकजण म्हणाला.

विजयसिंह स्वप्नालीकडं वळला. तिला चारचौघांत मान दिला म्हणजे ती खुलेल, असं त्याला मनापासून वाटत असावं. "ही तिचीच पसंती बरं का," तो पाहुण्यांना म्हणाला. "काय गं, कसा झालाय?"

बाहेर नळ बंद झाला. सगळे तिच्याकडं बघत होते.

"चांगला झालाय," स्वप्नाली म्हणाली, आणि कप मोजायला वळली.