कोरा राहू लागलेला फळा

मित्रांनो, घणसोली गावात, मासळीबाजारामागच्या गल्लीत, भाड्याच्या एका खोलीत भिंतीला टेकलेला डागाळलेला पांढरा फळा दिसेल, तो मी. वस्तूंना थकवा येत नाही, हे मला मान्य आहे. तरीही धातू थकतो असे अभियंते म्हणतात, आणि माझा पत्रा धातूचाच आहे.

रबाळ्याच्या एका कारखान्यात पोलादी पत्र्यावर पांढरा लेप भाजून मला घडवले. राजेश्वरी मॅडमनी मला या खोलीत आणले. शाळा सुटून वर्षे लोटलेल्या, आता कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या मोठ्या माणसांना त्या संध्याकाळी इंग्रजी शिकवत. त्या लिहीत, वर्ग उतरवून घेई. मी काठोकाठ भरत असे, पुसला जात असे, पुन्हा भरत असे. 'मॅडमचा फळा म्हणजे छापील पुस्तक,' असे कौतुक होई. उतरवलेले किती जणांना समजले, हे मात्र कोणी तपासले नव्हते.

वर्गातून कॉलेजात पहिली गेली ती रंजिता. याच गावात वाढलेली, दोन मुलांची आई. तिने नेरूळच्या एका कॉलेजात बी.ए.ला नाव घातले. काही दिवसांतच ती परत येऊन मागच्या बाकावर बसली.

"मॅडम, मी नाव काढून घेतंय," ती म्हणाली. "सर तासभर इंग्लिशमदी बोलतान. फल्यावर कायच लिवत नाय. मंग मी लिवू काय?"

शेजारी धोंडूबाई होती, मासळी विकणारी, वर्गात वयाने सर्वांत मोठी. ती म्हणाली, "तुजा नवरा पन तासभर बोलतंय. त्याचा कवा फल्यावरना उतरवलास गो? त्याला काय पायजे, ता कलतंच ना तुला?"

वर्ग हसला. रंजिता हसली नाही. मॅडमही हसल्या नाहीत. त्यांनी माझ्यावरच्या काठोकाठ भरलेल्या मजकुराकडे पाहिले. मग त्यांनी रंजिताला पहिल्या परीक्षेपर्यंत नाव काढू नको, संध्याकाळी इथे येत जा, असे सांगितले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेन कपाटात ठेवले. खाडीची भरती रोज थोडी उशिरा का येते, हे त्या इंग्रजीतून नुसते बोलल्या. महत्त्वाचे वाटेल तेवढेच लिहा, हवे तर मराठीत लिहा, एवढीच सूचना होती. सवयीने सगळे माझ्याकडेच बघत राहिले. बहुतेकांच्या वहीत फक्त तारीख उतरली. कुरकुर झाली, काहींनी येणे सोडले. मॅडमनी पेन काढले नाही.

हळूहळू रंजिता माझ्याकडे बघेनाशी झाली. ती ऐके, थांबे, मग मान खाली घालून लिही. अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी, मधे बाण.

माझ्यावर धूळ बसली. एका कोपऱ्याला गंज चढला. माझ्या चौकटीला पिशव्या लटकू लागल्या. याला उपेक्षा म्हणावे, की माझी गरज संपली म्हणावे, हे मी अजून ठरवलेले नाही.

परीक्षेच्या निकालानंतर रंजिता आली. एक विषय राहिला होता, बाकीचे सुटले होते. सर आता तरी फळ्यावर लिहितात का, असे धोंडूबाईने विचारले.

"नाय गो आत्या," रंजिता म्हणाली. "ते अजून निस्ते बोलतान. आता मी लिवतंय."

कॉलेजातले नाव तिने तसेच ठेवले. वही उघडून बसली.

मित्रांनो, फळ्याची निगा जरूर राखा. कोरड्या फडक्याने पुसा, ओल लागू देऊ नका. मात्र समोरचा फळा कोरा आहे, म्हणजे तास सुरू झालेला नाही, असे समजू नका.