खालचा इंच

मी एक जुनी चार फुटी लाकडी पट्टी आहे. माझं बोलणं कितपत खरं धरायचं ते मित्रांनो, तुम्हीच ठरवा, कारण मी खालच्या टोकाला एक इंच कमी आहे.

मला एका सुतारानं घडवलं आणि तापल्या सळईनं माझ्या अंगावर इंचांच्या खुणा केल्या. पुढे मी फरशीवर आपटले आणि खालचा इंच उडाला. सुतारानं मला टाकलं नाही. "आकडा वाचायचा आणि एक वजा करायचा, झालं," असं तो म्हणे. वीस वर्षं त्यानं न चुकता एक वजा केला. एकदाच विसरला.

त्याच्या मुलीला करवत हवी होती. तो तिला ठेंगू म्हणायचा. "चार फूट झालीस की करवत तुझी. आत्ता कामाच्या बाकाला हात तरी पुरतो का तुझा?" एका दुपारी ती दाराच्या चौकटीला पाठ लावून माझ्याशेजारी उभी राहिली. तिचं डोकं माझ्या वरच्या टोकाला लागलं.

"बाबा, झाले चार."

आनंदाच्या भरात त्यानं चौकटीवर रेघ ओढली आणि करवत तिच्या हाती दिली. मला सगळं कळत होतं. पण लाकडाला तोंड कुठलं?

त्याच आठवड्यात, चवड्यांवर उभी राहून फळी कापताना तिची करवत निसटली. डाव्या हाताचं अर्धं बोट गेलं.

सुतारानं मला पुन्हा चौकटीशी धरलं आणि पहिल्या रेघेच्या इंचभर वर दुसरी रेघ ओढली. मग मला खिळ्याला अडकवलं. कुणाला काही सांगितलं नाही. रोज दुपारी मात्र तो त्या दोन रेघांमधून बोट फिरवायचा.

नंतर नवी मापं आली. पोलादी टेप आला, त्यावर सेंटीमीटर. तरी गिऱ्हाईक म्हणायचं, "पलंग सहा बाय तीनच हवा." सुतार गेला. दुपारी त्याचं बोट रेघांमधून अजून फिरतं, असं मला वाटतं. भासही असेल.

आता कारखाना मुलगी चालवते. परवा तिची लेक विचारत आली, "आई, शाळेच्या कार्डावर उंची एकशे एकोणीस सेंटीमीटर लिहिलीय. म्हणजे चार फूट झाले ना?"

"आपल्या घरचा नियम फुटातला आहे. उभी राहा."

तिनं मला खिळ्यावरून काढून चौकटीशी धरलं. पोरीचं डोकं माझ्या टोकाला लागलं. मला वाटलं, आता पुन्हा तेच.

"झाले की," पोर म्हणाली.

आईनं आपलं अर्धं बोट रेघांवर ठेवलं. "ही खालची माझी. ही वरची तुझ्या आजोबांनी मागून काढली. मला बोलले नाहीत कधी. ते गेल्यावर एकदा टेप लावून पाहिला, तेव्हा कळलं."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून एक इंच वाढ, ठेंगू. करवत कुठे पळून जात नाही."

मग तिनं लाल रंगानं माझ्या तुटक्या टोकाशी लिहिलं, 'एक वजा'.

मित्रांनो, मोडकी वस्तू जरूर जपा. पण तिच्यात काय कमी आहे, ते तिच्यावरच लिहून ठेवा. आठवणीच्या भरवशावर सोडू नका.

दुपारी सुताराचं ते बोट अजून येतं. आता ते फिरत नाही. वरच्या रेघेवर थांबून राहतं.